गुडघा नवा बसवला, मग वाकत का नाही?

२०२५ च्या सप्टेंबरात एका पत्रावरून दोन दिवस चांगलीच धूळ उडाली. फिजिओथेरपिस्टनी नावाआधी 'डॉ.' लावू नये, असं पत्र केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ९ तारखेला काढलं आणि १० तारखेला मागेही घेतलं. व्हॉट्सॲपवर दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड फिरले. ती पदवी कुणी लावावी, या वादात मी पडत नाही. मला खटकलं ते इतकंच की एवढ्या गदारोळात ही माणसं दिवसभर करतात काय, हे कुणी सांगितलंच नाही. आपल्याकडे कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. "करंट देतात." "शेक देतात." फार तर "व्यायामवाले."

माझीही समजूत तेवढीच होती. आत्याचा गुडघा बदलला आणि ती समजूत बदलली.

आत्याचं ऑपरेशन उत्तम झालं. एक्स-रेमध्ये नवा सांधा असा चकचकीत दिसत होता की कुणीही खूश व्हावं. पण तिसऱ्या आठवड्यातही तिला खुर्चीत बसून पाय नीट खाली टेकवता येत नव्हता, तो पुढे लांबच राही. घरात कुजबुज सुरू झाली, "ऑपरेशन फसलं बहुतेक." फसलं नव्हतं. सर्जननी सांधा बदलून दिला होता, पण सांधा चालवायचा असतो स्नायूंनी आणि मेंदूने, आणि ते अजून जुन्याच गुडघ्यात अडकले होते. तिथून पुढचं काम फिजिओथेरपीचं.

तिथे भेटतं कोण?

मोठ्या रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात साधारण दोन प्रकारची माणसं दिसतात. फिजिओथेरपिस्ट म्हणजे बी.पी.टी. (बॅचलर ऑफ फिजिओथेरपी) ही पदवी घेतलेली व्यक्ती. तपासणी करणं, अडचण कुठे आहे ते ठरवणं, उपचार आखणं हे तिचं काम. ज्याला टेक्नॉलॉजिस्ट किंवा टेक्निशियन म्हटलं जातं तो तिचा उजवा हात. मशीन लावणं, आखून दिलेले व्यायाम करून घेणं, चालताना कमरेच्या पट्ट्याला धरून सोबत राहणं, रोजचे आकडे वहीत टिपणं हे त्याच्याकडे. आत्याच्या विभागात असा एक तरुण होता. आत्या त्याला 'बाळा' म्हणायची आणि तो न चिडता रोज तिच्या घामाच्या तक्रारी ऐकून घ्यायचा. पेशंटच्या सर्वांत जवळ, सर्वांत जास्त वेळ हाच माणूस असतो. त्यामुळे काल टाच जिथवर सरकली होती तिथवर आज सरकत नाही, हे पहिल्यांदा त्याच्याच लक्षात येतं.

देशात फिजिओथेरपीसारख्या, डॉक्टरीला जोडून असलेल्या आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. महाराष्ट्रात त्याच्या आधीपासून ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची राज्य परिषद आहे आणि फिजिओथेरपिस्टची नोंदणी तिथे होते. घरी कुणाला बोलावणार असाल तर नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. खरा असेल तो लगेच सांगतो.

जाता जाता एक गोष्ट. भारतात या विद्येची पहिली शाळा निघाली ती मुंबईत, के.ई.एम. रुग्णालयात, १९५२ च्या सुमारास. जागतिक आरोग्य संघटनेने मदत केली होती. कारण होतं पोलिओ. पाय लुळे पडलेल्या मुलांना उभं करायला माणसं हवी होती. नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला. आता त्याच विद्येपुढे रांग लागते ती गुडघे, पाठ, मान आणि पक्षाघाताची.

सगळा खेळ अंशांचा

फिजिओथेरपीच्या खोलीबाहेरच्या बाकावर दहा मिनिटं बसा. बारावीच्या निकालाच्या दिवशी कॉलेजबाहेर जे चालतं, तेच तिथे चालतं. "तुमचं किती झालं?" "पंच्याऐंशी." "माझं काल नव्वद झालं!" हे गुडघा किती वाकतो त्याचे अंश. मोजायला गोनिओमीटर नावाचं साधन असतं. कंपासपेटीतला कोनमापक घ्या आणि त्याला दोन लांब पट्ट्या जोडा, झालं गोनिओमीटर. एक पट्टी मांडीच्या रेषेत, दुसरी नडगीच्या. पाय सरळ म्हणजे शून्य.

हे अंश रोजच्या जगण्यात काय देतात, ते पाहा. सपाट रस्त्यावर चालायला साधारण ६५ अंश पुरतात. जिना चढायला पंच्याऐंशीच्या आसपास, उतरायला त्याहून थोडे जास्त. नेहमीच्या उंचीच्या खुर्चीतून हात न टेकता उठायला शंभरच्या घरात. उकिडवं बसायचं, म्हणजे देशी संडास किंवा चुलीपुढची बैठक, तर १३० च्या वर. पाश्चात्त्य माणसाला ११० अंशांत आयुष्य काढता येतं. आपलं देवघर, पंगत आणि संडास मात्र सगळे जमिनीलगत. बदललेला सांधा बहुतेकांना ११० ते १२० च्या आसपास नेतो, म्हणून खाली बसण्याचा विषय ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांशी बोलून घेतलेला बरा. आत्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, निदान तिला कळेल असं तरी नाही. पाटावर बसून पूजा करता येणार नाही हे ऐकून ती जेवढी खचली, तेवढी टाके काढतानाही खचली नव्हती.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, ती बातमी बहुतेकांना आठवत असेल. चांगलंच झालं. पण सांध्याची किंमत ठरली तरी त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांच्या व्यायामाचा हिशेब घरोघरी कुणी धरत नाही. तो खर्च 'वरचा' समजला जातो आणि पैसे वाचवायचे झाले की पहिली कात्री तिथेच लागते.

स्नायू गेला कुठे?

तिसऱ्या आठवड्यात आत्याचा गुडघा ७० अंशांवर अडला होता. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी तिला झोपवलं, गुडघ्याखाली गुंडाळलेला पंचा ठेवला आणि म्हणाल्या, "काकू, हा पंचा गुडघ्याने खाली दाबा. पाच आकडे मोजा." आत्याने दात-ओठ खाऊन जोर लावला.

"आता तुमचाच हात इथे ठेवा, वाटीच्या वर. काही घट्ट लागतंय?"

आत्याने चाचपलं. मांडी लोण्यासारखी मऊ. सगळा जोर लागत होता कंबरेत आणि गालफडांत.

यात आत्याची चूक नव्हती. सांध्यात सूज आली की मेंदू आणि मज्जारज्जू मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूचा पुरवठा आपणहून तोडतात. घरात कुठे शॉर्ट झालं की एमसीबी खाली पडतो ना, तसंच. बल्ब शाबूत, वायर शाबूत, पण दिवा लागत नाही. गुडघा बदलल्यानंतर पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद निम्म्याहूनही खाली येऊ शकते, आणि त्याचं मोठं कारण स्नायू झिजणं नसून हे 'पाडलेलं बटण' असतं. 'अशक्तपणा आलाय, खायला घाला' हा घरगुती उपाय इथे म्हणूनच चालत नाही. डिंकाचे लाडू एमसीबी वर करत नाहीत. (लाडू खाऊ नका असं नाही. आत्याने खाल्लेच.)

बटण वर कसं करायचं? आधी सूज उतरवायची. पाय उशीवर उंच, कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं. मग स्नायूला पुन्हा पुन्हा हाक मारायची. पंचा दाबणं हीच ती हाक. तेवढ्याने जागा होत नसेल तर त्या तरुणाने मांडीवर दोन चिकटपट्ट्या लावून 'स्टिम' दिला. हा करंट दुखणं मारायला नसतो, स्नायूला बाहेरून आकसवायला असतो. मांडी आपणहून टणकन उडाली तेव्हा आत्या ओरडली, "अरे बाळा, ही माझी मांडी आहे का कुणाची?" तो म्हणाला, "तुमचीच काकू, आता तिच्याबरोबर तुम्हीही दाबा." मशीन आणि माणूस एकदम. चौथ्या-पाचव्या दिवशी मशीन बंद असताना वाटीच्या वर बोटांखाली काहीतरी हललं. आत्याने माझाही हात तिथे ठेवून दाखवला.

दुखतंय म्हणजे बिघडतंय ना?

सर्वांत मोठी भीती हीच. वाकवताना दुखतं, म्हणजे आत काहीतरी तुटतंय, म्हणजे थांबलेलं बरं.

वेदना ही राखणीच्या कुत्र्यासारखी असते. चोर आला की तो भुंकतो आणि ते हवंच. पण घरात एकदा चोरी झाली की तो पोस्टमनवरही भुंकतो, दूधवाल्यावरही, पान सळसळलं तरी. भुंकणं खरं असतं, चोर असतोच असं नाही. दुखापतीनंतर किंवा वर्षानुवर्षं दुखणाऱ्या सांध्यात मज्जासंस्था अशी हळवी होऊन बसते. ढोंग करतोय असा याचा अर्थ मुळीच नाही, कुत्रा खरोखरच भुंकत असतो.

पाठीच्या एमआरआयचं उदाहरण इथे लख्ख आहे. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांचे स्कॅन काढले, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे रिपोर्टमध्ये 'झीज' लिहिलंय म्हणून ती झीजच दुखतेय, असं म्हणता येत नाही. केस पिकतात तशी काही झीज वयाबरोबर होतच असते.

मग कुठवर दुखू द्यायचं? मॅडम शून्य ते दहामध्ये आकडा विचारतात. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. व्यायाम करताना आकडा चार-पाचपर्यंत गेला आणि चोवीस तासांत मूळ जागी आला, तर डोस बरोबर. रात्रभर ठणकलं, दुसऱ्या दिवशी सूज वाढली, तर व्यायाम बंद नाही करायचा, कमी करायचा. आत्याने व्यायाम सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात उत्साहाने एका दिवसात दुप्पट व्यायाम केला आणि दोन दिवस अंथरुणाला खिळली. मॅडम तिला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, गोळी आहे ही. एकदम चार घेतात का?"

मग ती मशीनं कशाला?

'करंट' या एका शब्दाखाली आपण बरंच काही कोंबतो. स्टिम वर आलाच. दुसरा करंट टेन्स नावाचा, तो दुखणं दबवायला. कोपर दाराला आपटलं की आपण पटकन चोळतो आणि बरं वाटतं. का? चोळण्याचा संदेश आणि दुखण्याचा संदेश मज्जारज्जूच्या एकाच दारातून आत जाऊ पाहतात, आणि चोळण्याचा संदेश दार अडवतो. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोघा संशोधकांनी हा विचार मांडला. टेन्सची झिणझिण म्हणजे विजेचं चोळणं. दार काही वेळच अडतं. तेवढ्या वेळात व्यायाम उरकून घ्यायचा, यासाठी ते असतं.

सगळ्याच मशीनांना इतकं श्रेय देता येत नाही. जेल लावून फिरवतात तो अल्ट्रासाउंड खूप दवाखान्यांत दिसतो, पण गुडघा-पाठीच्या बहुतेक दुखण्यांत त्याचा फायदा सिद्ध करणारा पुरावा तोकडा आहे. पाय आपोआप वाकवत राहणारी सीपीएम मशीन घ्या. गुडघा बदललेल्या रुग्णांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा तिच्यामुळे वाकणं जेमतेम दोनेक अंशांनी वाढलेलं दिसलं. कारण उघड आहे. मशीन पाय वाकवते तेव्हा तुमचा स्नायू आणि मेंदू नुसते प्रेक्षक असतात. दहा दिवस फक्त पालथं झोपवून मशीन लावतात आणि एकही व्यायाम शिकवत नाहीत, अशी जागा असेल तर माझ्या मते ती बदलावी.

मशीन लावणाऱ्याचं खरं कसब दिसतं ते लावण्याआधी. "पेसमेकर आहे का? अंगात कुठे धातूची पट्टी, रॉड? गरोदर आहात का? शुगर आहे का?" हे प्रश्न रटाळ वाटतात, पण डायथर्मी नावाचा खोलवर शेक धातूच्या सांध्यावर दिला तर आतून भाजू शकतं. आत्याला शुगर आहे. साधा शेक देण्याआधीही त्या तरुणाने दोन काचनळ्या घेतल्या, एकीत कोमट पाणी, एकीत गार. तिला डोळे मिटायला सांगून पायाला आळीपाळीने लावल्या. "ऊन का गार?" तळव्याजवळ आत्या दोनदा चुकली. त्याने पायावरचा शेक रद्द करून वहीत लाल पेनाने लिहून ठेवलं. ज्याला ऊन कळत नाही त्याला भाजलेलंही कळत नाही.

"आमच्याकडे मालिश करतात, लगेच बरं वाटतं"

वाटतंच. तालमीच्या मुलखात वाढलेल्या माणसाला मालिशीचं सुख मी काय सांगणार? पण मालिश हे टेन्ससारखंच, दार थोडा वेळ अडवणारं. स्नायूत ताकद ती भरत नाही. आणि ऑपरेशननंतर पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली, गरम लागली तर तिथे तेल लावून रगडणं जिवावर बेतू शकतं. रक्तवाहिनीत गुठळी झालेली असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अशा वेळी मालिशवाला नको आणि फिजिओही नको, सरळ दवाखाना. पाठदुखीत जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तरी तसंच. चांगला फिजिओ हे ओळखून आधी परत पाठवतो.

"वंगण संपलंय, मग हलवून आणखी झिजणार नाही का?"

हा प्रश्न ऑपरेशन न झालेल्यांचा. गुडघा म्हणजे बैलगाडीचं चाक नाही, की फिरवलं तेवढं झिजलं. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, म्हणजे कूर्चेला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. तिला अन्न मिळतं सांध्यातल्या द्रवातून, आणि तेही स्पंजासारखं. दाब पडला की द्रव बाहेर, सुटला की आत. चालणं, वाकवणं, उठबस हाच तो दाब. गुडघा जपायचा म्हणून वर्षभर पलंगावर काढलं, तर स्पंज कोरडा पडतो आणि भार पेलणारा स्नायूही जातो. झिजेच्या संधिवातात चालणं आणि मांडीचे व्यायाम हे आज पहिल्या फळीतले उपचार आहेत. ऑपरेशनचा विचार सहसा त्यानंतर येतो.

"यूट्यूबवर सगळे व्यायाम आहेत की"

आहेत, आणि बरेचसे बरोबरही आहेत. कमी पडतं ते पाहणारं माणूस. आत्या घरी टाच सरकवायची, दिवसाला तीन वेळा, इमानेइतबारे. तरी अंश हलेनात. मॅडमनी तिला समोर करायला लावलं आणि तीस सेकंदांत म्हणाल्या, "काकू, चोरी करताय." गुडघा वाकवायच्या ऐवजी आत्या खुबा वर उचलत होती. टाच मागे आल्यासारखी दिसायची, गुडघा तिथेच. दुखरं शरीर नेहमी अशी पळवाट शोधतं. खांदा आखडलेला माणूस हात वर करताना कमरेत वाकतो, पक्षाघातानंतर माणूस पाय उचलायच्या ऐवजी बाहेरून फिरवून टाकतो. व्हिडिओ आपल्याला दिसतो, आपण व्हिडिओला दिसत नाही.

पक्षाघाताचा विषय आलाच आहे तर एवढंच की तिथे काम स्नायूपेक्षा मेंदूशी असतं. मेंदूचा एक रस्ता बंद झाला की त्याला गल्लीबोळांतून वाट काढायला शिकवायचं, आणि ते शेकडो वेळा तीच कृती करूनच होतं. पेला उचलायचा असेल तर पेलाच उचलावा लागतो, मऊ चेंडू दाबत बसून पेला येत नाही.

किती दिवस?

गुडघ्याचं म्हणाल तर पहिले सहा आठवडे सोन्याचे. या काळात आत जखमेचे धागे विणले जात असतात आणि ते ओले असताना ताणले तर लांबतात, वाळल्यावर हट्टी होतात. दोन-तीन महिने होत आले तरी नव्वद गाठलं नाही, तर कधी भूल देऊन सर्जनना गुडघा वाकवावा लागतो. ताकद यायला मात्र सहा महिने, वर्षही लागतं. फिजिओच्या फेऱ्या त्याआधीच संपतात, संपायलाच हव्यात. कायम येत राहा म्हणणाऱ्यापेक्षा, "आता हे पाच व्यायाम घरी, महिन्याने दाखवायला या," म्हणणारा मला जास्त भरवशाचा वाटतो.

आत्याने घरी वेगळीच सोय केली. मधल्या खोलीत भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसायची, टाचेखाली पातळ प्लास्टिकची पिशवी घ्यायची म्हणजे ती फरशीवरून सरकते, आणि टाच जिथवर येईल तिथे खडूने रेघ मारून शेजारी तारीख लिहायची. पहिली रेघ दाराजवळच्या लादीवर. मग दर दोन-तीन दिवसांनी बोटभर अलीकडे. एका आठवड्यात तीन रेघा एकावर एकच पडल्या, त्या जागी तिने वैतागून फुली मारून ठेवली आहे. शेवटची रेघ ११२ अंशांची. पूजा आता चौरंग टेबलावर ठेवून खुर्चीत बसून होते. फरशी पुसणाऱ्या बाईंना सक्त ताकीद आहे, त्या दोन लाद्या सोडून पुसायच्या.